लिनक्सवर एडिटर बसवितांना

एडिटर हा शब्द उच्चारतांच आपणांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें मासिकाच्या कचेरींत बसून लेखांवर तांबडी शाई फिरविणारे कोणी संपादक उभे राहतील. आज मला ज्या एडिटरविषयीं बोलावयाचें आहे, तो मनुष्य नव्हे. संगणकाकडून करवून घ्यावयाचें काम ज्या सूचनांनीं सांगतात, तो प्रोग्रॅम लिहिण्याचें जें साधन, त्याला कोड एडिटर म्हणतात. लोहाराला जशी ऐरण, तसा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एडिटर. हें साधन लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांत कसें बसवावें, आणि बसवितांना कोणती सावधगिरी बाळगावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय लहान दिसतो, आणि काम तर त्याहूनहि लहान आहे. इंटरनेट बरें चालत असेल, तर पांच मिनिटांत उरकतें. तरीहि त्यावर बोलावेंसें वाटतें, याचें कारण आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या आजच्या स्थितींत आहे. शेगांवचें श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 सालीं निघालें, आणि तेव्हांपासून घाटावरच्या व घाटाखालच्या अशा दोन्ही भागांतील मुलें संगणकाच्या विद्येकडे वळूं लागलीं. आज चिखली, मेहकर, मलकापूर, नांदुरा अशा गांवांतून प्रोग्रॅम लिहूं पाहणारा विद्यार्थी भेटतो. परंतु त्याच्या घरचा संगणक बहुधा जुना असतो, कोणा वडील भावाचा किंवा कचेरींतून निकालांत निघालेला. त्यांतच 14 ऑक्टोबर 2025 रोजीं विंडोज दहा या आवृत्तीचें नेहमींचें मोफत पाठबळ संपलें. आणि विंडोज अकराला जी विशिष्ट सुरक्षा-चिप व जो नवा प्रोसेसर लागतो, तो या जुन्या यंत्रांत नसतो. असें यंत्र भंगारांत घालावयाचें कीं त्यावर लिनक्स घालून आणखी पांच वर्षें काम घ्यावयाचें, हा प्रश्न पुष्कळ घरांतून आज खरोखरच उभा आहे. लिनक्स घेतलें कीं पहिलें काम येतें तें हेंच, एडिटर बसविण्याचें. आणि पहिल्याच कामाला जी संवय लागते, ती पुढें जन्मभर टिकते.

एक प्रसंग सांगतों. मेहकर तालुक्यांतील एक विद्यार्थी माझ्या परिचयाचा आहे. मुलगा हुशार व कष्टाळू. बाजार समितींतील सोयाबीनचे रोजचे भाव नोंदवून महिन्याची सरासरी काढणारा एक लहानसा प्रोग्रॅम त्यानें पायथन भाषेंत लिहिला होता, आणि तो दुसऱ्या दिवशीं परीक्षकांपुढें मांडावयाचा होता. आदल्या रात्रीं अकरा वाजतां त्याचा दूरध्वनि आला.

"काका, संगणक चालू होते, पण सगळा काळा पडदा. नुसतीं पांढरीं अक्षरं दिसतात. चित्रं गेलीं, माऊस गेला, कांहींच राहिलं नाहीं."

मीं विचारलें, "अरे, शेवटीं काय केलं होतंस?"

"एक नवा एडिटर बसवत होतो. कोणत्या तरी पानावर फाइल भेटली, ती उतरवली. ती बसेना. मग तिथंच एक आज्ञा लिहिलेली होती, ती चिकटवली. यंत्रानं विचारलं, होय कीं नाहीं. मीं होय म्हटलं."

"होय म्हणण्याआधीं वर काय लिहिलं होतं तें वाचलंस का?"

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "लय मोठी यादी होती, काका."

त्या मोठ्या यादींतच सर्व अनर्थ होता. उतरवलेली फाइल त्याच्या प्रणालीच्या आवृत्तीसाठीं केलेलीच नव्हती. तिला हवे असलेले भाग आणि यंत्रांतील मूळचे भाग यांचें जमेना. तेव्हां यंत्रानें प्रामाणिकपणें विचारलें कीं, तुमच्या नव्या पाहुण्यासाठीं घरांतलीं हीं इतकीं माणसें बाहेर काढूं काय? त्या यादींत संगणकाचा सारा चित्रमय पडदाहि होता. मुलानें न वाचतां होकार दिला, आणि यंत्रानें आज्ञा पाळली.

हा दोष केवळ आमच्या खेड्यांतील मुलाचा नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. 2021 सालीं कॅनडांतील लायनस सेबॅस्टियन या प्रख्यात तंत्रविषयक चित्रफीतकारानें ऐन चित्रीकरणांत हीच चूक केली. लिनक्सवर खेळांचा एक प्रोग्रॅम बसवितांना यंत्रानें त्याला स्पष्ट बजावलें कीं, यामुळें आवश्यक भाग निघून जातील; तरीहि त्यानें होकाराचें पूर्ण वाक्य टंकून दिलें आणि पडदा काळा करून घेतला. म्हणून मी म्हणतों कीं, येथें उणीव बुद्धीची नसते, वाचण्याच्या धीराची असते.

आतां, हा अनर्थ टळावा कसा? त्यासाठीं लिनक्समध्यें वस्तु येते कोठून, हें समजून घेतलें पाहिजे. आणि तें समजण्यास आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याला मुळींच कष्ट पडणार नाहींत. मृग लागण्याच्या सुमारास आपण बियाणें घेतों. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते. तिला आपण टॅग म्हणतों. शेजारीं अकोल्यास मुख्य कचेरी असलेल्या महाबीजची पिशवी असो कीं दुसऱ्या कोणाची, शहाणा शेतकरी टॅग पाहतो, पावती घेतो, आणि पीक हातीं येईपर्यंत टॅग, पावती व रिकामी पिशवी जपून ठेवतो. रस्त्याच्या कडेला कोणी सुट्या पोत्यांतून स्वस्त दाणा देऊं लागला, तर त्याच्या वाऱ्यालाहि तो उभा राहत नाहीं. कारण बोगस बियाण्याची किंमत पिशवीपुरती नसते. सारा हंगाम जातो.

लिनक्सची व्यवस्था नेमकी अशीच आहे. फिनलंडांतील लायनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें 1991 सालीं लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. त्या गाभ्याभोंवतीं उपयुक्त प्रोग्रॅम रचून जे पूर्ण संच करतात, त्यांत 1993 सालीं निघालेला डेबियन व त्याच्याच पायावर 2004 सालीं उभारलेला उबुंटू हे आपल्याकडे विशेष आढळतात. या प्रत्येक संचाचें स्वतःचें भांडार असतें. भांडारांतील वस्तूंच्या सूचीवर चालकांची सांकेतिक सही असते, आणि सूचींत प्रत्येक पॅकेजचा एक ठसा नोंदलेला असतो. आपण एखादी वस्तु मागविली कीं यंत्र प्रथम सही पारखतें, मग उतरलेल्या वस्तूचा ठसा सूचींतील ठशाशीं ताडून पाहतें, आणि दोन्ही जुळलें तरच ती वस्तु आंत घेतें. हा झाला आपला निळा टॅग. ज्या कोणत्या तरी पानावरून आमच्या विद्यार्थ्यानें फाइल उचलली, तें झालें रस्त्याकडेचें सुटें पोतें.

म्हणून पहिला नियम असा कीं, एडिटर शक्यतों आपल्या संचाच्या भांडारांतूनच घ्यावा.

दुसरा प्रश्न निवडीचा. एडिटर पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या कैवाऱ्यांचे वाद शैव-वैष्णवांच्या जुन्या वादांसारखे चालतात. आपण त्यांत पडूं नये. आपल्या यंत्राची ताकद पाहून ठरवावें. संगणकाची स्मृति, म्हणजे ज्याला रॅम म्हणतात ती, दोन किंवा चार जी.बी. असेल, तर जीनी नांवाचा एडिटर उत्तम. तो 2005 सालीं निघाला; आकारानें अगदीं लहान, कांहीं थोड्या एम.बी.चा, आणि लिहिणें, रंगांनीं शब्द वेगळे दाखविणें, प्रोग्रॅम चालवून पाहणें हीं विद्यार्थ्याचीं सर्व कामें करतो. स्मृति आठ जी.बी. असेल, तर मायक्रोसॉफ्टनें 2015 सालीं प्रसिद्ध केलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर चालेल. आज नोकरीच्या ठिकाणीं तोच फार दिसतो. परंतु त्याच्या पोटांत एक संपूर्ण ब्राउझर असतो, म्हणून तो जड आहे. उतरवून घ्यावयाची फाइलच सुमारें शंभर एम.बी.ची असते. शिवाय तो डेबियनच्या मूळ भांडारांत मिळत नाहीं. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या स्थळावरून घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर त्यांचें भांडार व त्यांची सही आपल्या यंत्रांत नोंदली जाते. हें वाईट आहे असें नव्हे. नव्या दुकानदाराशीं उधारीचें खातें उघडतांना माणूस जेवढा विचार करतो, तेवढा येथें करावा, इतकेंच. त्याचा मूळ मजकूर मुक्त परवान्याखालीं खुला आहे. तयार मिळणारी प्रत मात्र कंपनीच्या वेगळ्या परवान्याची असते, आणि ती वापराची कांहीं माहिती कंपनीकडे पाठविते. ही माहिती पाठविणें मांडणींतून बंद करतां येतें. ज्यांना तेंहि नको, त्यांच्यासाठीं त्याच मुक्त मजकुरापासून केलेला व्हीएस कोडियम आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. रेडिओवरून मी आज्ञा उच्चारून सांगतों. टंकावयाच्या त्या रोमन लिपींतील लहान अक्षरांत. प्रथम टर्मिनल उघडावें. पहिली आज्ञा: सुडो आप्ट अपडेट. यांतील 'सुडो' म्हणजे घरधन्याच्या अधिकारानें केलेलें काम. आप्ट हा भांडाराचा कारभारी. आणि अपडेट म्हणजे सूची ताजी करणें. या आज्ञेनें नवें कांहींच बसत नाहीं. दुकानांतील मालाची आजची यादी फक्त हातीं येते. यंत्र गुप्तशब्द विचारील. तो टंकतांना पुष्कळ संचांत पडद्यावर अक्षर किंवा ठिपकाहि उमटत नाहीं. नवशिका घाबरून कळफलक बिघडला असें समजतो. घाबरूं नये, गुप्तशब्द टंकून एंटर दाबावें.

दुसरी आज्ञा: सुडो आप्ट इन्स्टॉल जीनी. यानंतर यंत्र एक निवेदन मांडतें. कोणते जास्तीचे भाग बसतील, कोणते निघतील, किती उतरवावें लागेल, चकतीवर किती जागा जाईल, हें सारें त्यांत असतें. आणि मग तें विचारतें, होय कीं नाहीं. श्रोतेहो, माझ्या सबंध भाषणांतून एकच गोष्ट लक्षांत ठेवावयाची, तर ती हा क्षण. हात कळफलकावरून काढावा आणि यादी वाचावी. 'निघतील' या मथळ्याखालीं एक जरी नांव असेल, तरी तें कशाचें, हें कळल्यावांचून होकार देऊं नये. एडिटर बसविण्यासाठीं घरांतलें कांहीं बाहेर जाण्याचें सहसा कारण नसतें. जात असेल, तर 'नाहीं' म्हणावें. 'नाहीं' म्हटल्यानें आजवर कोणाचें यंत्र बिघडलेलें नाहीं.

बसविण्याचें काम चाललें असतां वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न सोडून चालावयाचें नाहीं. लॅपटॉप असेल तर प्रथम बॅटरी भरून घ्यावी. तरीहि काम अर्धवट तुटलेंच, तर यंत्र पुन्हा चालू करून सुडो डीपीकेजी, जागा सोडून दोन आडव्या रेघा व त्यांना लागूनच कॉन्फिगर, पुन्हा जागा सोडून एक आडवी रेघ व तिला लागून ए, ही आज्ञा द्यावी; अर्धवट राहिलेली मांडणी बहुधा पुरी होते. इंटरनेट अगदींच मंद असेल, तर तालुक्याच्या गांवीं मित्राकडे मोठी फाइल उतरवून पेन ड्राइव्हमधून आणावी. परंतु मूळ स्थळावर दिलेला तिचा शा-दोनशेंछप्पन्न हा ठसा घरीं ताडून पाहावा. तो चौसष्ट चिन्हांचा असतो. आणलेल्या फाइलीवरून यंत्रानें काढलेलीं चौसष्ट चिन्हें मूळ ठशाशीं तंतोतंत जुळलीं पाहिजेत. एक जरी चिन्ह निराळें निघालें, तर फाइल फेंकून द्यावी. त्याचप्रमाणें एका वहींत तारीख व दिलेली प्रत्येक आज्ञा लिहून ठेवावी. ती वही म्हणजे आपली पावती आणि रिकामी पिशवी. एडिटर नको झाला, तर इन्स्टॉलच्या जागीं रिमूव्ह हा शब्द घालावा, म्हणजे तो निघतो. तेव्हांहि यादी वाचावीच.

एडिटर उघडल्यावर मराठी मुलानें आणखी एक गोष्ट पाहावी. फाइल यूटीएफ-आठ या संकेतांत जतन होत आहे ना? या संकेतांत रोमन अक्षराला एक बाइट, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'कां' हें आपल्या दृष्टीनें एक अक्षर. यंत्राच्या दृष्टीनें क, काना व अनुस्वार अशीं तीन चिन्हें, म्हणजे नऊ बाइट. एडिटरांत प्रत्येक चिन्हाला सारख्या रुंदीचें घर देण्याची पद्धति रोमन लिपीवरून आलेली असल्यामुळें देवनागरी ओळी तेथें थोड्या वांकड्या दिसतात. त्यानें मजकूर बिघडत नाहीं. लोहित देवनागरीसारखा मुक्त टंक बसविला कीं वाचण्यास सोपें जातें. आपला पहिला प्रोग्रॅम "नमस्कार" एवढेंच मराठींत छापणारा असावा. यंत्र आपली भाषा बोलतें, हा विश्वास पहिल्याच दिवशीं मिळाला पाहिजे.

आतां त्या रात्रीच्या विद्यार्थ्याकडे परत वळूं. त्याचा चित्रमय पडदा गेला होता. परंतु काळ्या पडद्यावर नांव व गुप्तशब्द विचारणारी ओळ उभी होती. मीं त्याला तो देऊन आंत शिरण्यास सांगितलें. फाइलींची यादी मागविली. त्याचा प्रोग्रॅम जेथल्या तेथें होता. कारण प्रोग्रॅम म्हणजे साधा मजकूर. तो कोणत्याहि एका एडिटरचा बांधील नसतो. मग 'नॅनो' असें टंकून पुढें फाइलीचें नांव द्यावयास सांगितलें. नॅनो हा पडद्यावरील चित्रांवांचून चालणारा एक लहानसा एडिटर. उबुंटूसारख्या संचांतून तो आधींपासून बसविलेलाच असतो. 1969 सालीं केन थॉम्प्सन यांनीं एकेका ओळीवर काम करणारा एड हा एडिटर लिहिला. 1976 सालीं बिल जॉय यांनीं व्हीआय लिहिला. त्या वंशांतील व्हिम हा ब्राम मोलेनार यांनीं 1991 सालीं जगाला फुकट दिला, आणि मोबदला म्हणून युगांडांतील अनाथ मुलांसाठीं मदत करण्याची विनंति वापरणाऱ्यांस केली. मोलेनार 2023 सालीं वारले. विनंति अद्याप जिवंत आहे. असे हे चित्रांवांचूनचे एडिटर जुने म्हणून आपण त्यांना हंसतों, आणि संकटाच्या रात्रीं तेच हाकेला धांवून येतात.

त्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरें नीट उमटत नव्हतीं. त्यांच्या जागीं चौकोन दिसत होते. मुलानें नॅनोमध्येंच निवेदनाचे शब्द रोमन लिपींत करून घेतले. दुसऱ्या दिवशीं त्यानें परीक्षकांपुढें त्याच काळ्या पडद्यावर प्रोग्रॅम चालवून दाखविला, आणि पडदा काळा कां, हेंहि न लपवितां सांगितलें. परीक्षकांनीं भावांचे आंकडे ताडून पाहिले. ते बरोबर होते. पुढच्या रविवारीं आम्हीं दोघांनीं बसून भांडारांतून चित्रमय पडदा पुन्हा बसविला, मराठी शब्द परत घातले, आणि मग जीनी घेतला. त्या वेळीं यंत्रानें 'होय कीं नाहीं' असें विचारतांच तो क्षणभर थांबला आणि यादी मोठ्यानें वाचूं लागला. तें ऐकून मला जें समाधान झालें, तें त्याच्या गुणपत्रिकेनें झालें नसतें.

ही विद्या शिकण्यास मुंबई-पुण्यास जावें लागतें, असें आतां राहिलेलें नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखालीं स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम उभा राहिला. त्यांतील लिनक्स, पायथन इत्यादि विषयांचे छोटे छोटे पाठ मराठी निवेदनासह फुकट मिळतात, आणि एकट्यानें घरीं बसून शिकतां यावें अशीच त्यांची रचना आहे. केरळांतील सरकारी शाळांतून तर पुष्कळ वर्षें मुलांना लिनक्सवरच संगणक शिकवीत आले आहेत. तेथील लहान मुलांना जें साधतें, तें आपल्या मुलांना न साधण्याचें कांहीं कारण नाहीं.

लिनक्स फुकट मिळतें, हें त्याचें मोठेपण खरें. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, त्यांत यंत्राचा धनी आपण असतों. धन्याला अधिकार असतो, तशी जबाबदारीहि असते. घरांत कोणती वस्तु येते, कोणाच्या सहीनें येते, आणि तिच्यापायीं बाहेर काय जातें, हें धन्यानेंच पाहावयाचें. आपल्या वाडवडिलांनीं पेरणीच्या वेळीं जी नजर बियाण्याच्या पिशवीवर ठेविली, तीच नजर आपल्या मुलांनीं संगणकाच्या पडद्यावर ठेवावी. तेवढें झालें, तर कोणा वडील भावानें टाकून दिलेल्या जुन्या यंत्रावरहि चांगलें पीक येईल.